कोणाचं कोणावाचून अडतं

२३ जानेवारी २०२४. चीनहून कराचीला निघालेलं 'सीएमए सीजीएम अत्तिला' हे जहाज वाटेत न्हावा शेवाला लागलं होतं. झेंडा माल्टाचा, लाइन म्हणजे जहाज कंपनी फ्रेंच. कस्टम्सने त्यावरची एक कन्साइनमेंट अडवली. वजन २२,१८० किलो, आत इटालियन बनावटीचं सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या हुकमाने धातू कापणारं यंत्र. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या मुख्य कागदावर, पाठवणारा शांघायचा आणि घेणारा सियालकोटचा होता. तपासात दोन्ही नावं वेगळीच निघाली आणि खरा घेणारा पाकिस्तानच्या संरक्षण खात्याला माल पुरवणारा असल्याचं सांगण्यात आलं. असं मशीन क्षेपणास्त्राचे भाग बनवायला वापरता येतं, असं आपल्या तज्ज्ञांचं मत पडलं. पाकिस्तान म्हणाला, हे तर साधं लेथ मशीन, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्यांसाठी.

मी बेलापूरला एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंग ऑफिसात एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन बघते. दिवसभर माझ्यासमोर बीएलचे ड्राफ्ट असतात. बीएल म्हणजे तेच बिल ऑफ लेडिंग. पाठवणारा तो शिपर, घेणारा तो कन्साइनी, माल पोचल्यावर ज्याला कळवायचं ती नोटिफाय पार्टी. ही बातमी मार्चमध्ये छापून आली तेव्हा ऑफिसात सगळ्यांचं बोलणं 'पकडलं कसं' याभोवती चाललं होतं. माझ्या डोक्यात वेगळंच होतं. कोणत्या अधिकाराने पकडलं? सीएनसी मशीन विकणं म्हणजे काही गुन्हा नाही. तळोजा एमआयडीसीत अशी मशीनं चालतात. पण ठरावीक क्षमतेच्या वरची मशीनं 'वासेनार व्यवस्थे'च्या यादीत येतात. लष्करी कामालाही वापरता येईल अशा मालाच्या निर्यातीवर नजर ठेवायला काही देशांनी मिळून केलेली ही व्यवस्था. १९९६ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली आणि भारत तिच्यात डिसेंबर २०१७ मध्ये दाखल झाला. तिच्याकडे ना सैन्य, ना न्यायालय. यादी मोडली तर शिक्षा करणारं कोणी नाही. प्रत्येक देशाने आपापल्या कायद्यात ती उतरवायची, एवढंच.

आंतरराष्ट्रीय संबंधांचा वास्तववादी अभ्यासक म्हणेल, अशा कागदी याद्यांना काय किंमत? वर कोणी धनी नसलेल्या जगात प्रत्येक जण आपली काळजी स्वतः घेतो. संस्थावादी म्हणेल, बघा, त्याच कागदी यादीच्या आधाराने उरणच्या किनाऱ्यावर एक कंटेनर उघडला गेला. मला दोघांचंही पटतं, आणि दोघांनाही एकमेकांवाचून हे प्रकरण पूर्ण सांगता येत नाही. यादीने अधिकार दिला, पण डोळ्यांत तेल घालून बघायला लावलं ते शेजाऱ्याच्या भीतीने. हेच मशीन दुसऱ्या एखाद्या बंदराकडे निघालं असतं, तर इतक्या बारकाईने बघितलं गेलं असतं का? मला नाही वाटत.

कलिन्याला एम.ए. करताना हे सिद्धांत मी परीक्षेपुरते वाचले होते. पुढे नोकरी लागली आणि ते खरे कामाला येऊ लागले. आता माझा भाचा यूपीएससीची तयारी करतोय, राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा त्याचा वैकल्पिक विषय. रविवारी तो नेरुळला आमच्याकडे येतो. वॉल्ट्झ १९७९, कोहेन-नाय १९७७, वेंट १९९२, म्हणजे कोणत्या अभ्यासकाने काय कधी मांडलं, हे सगळं त्याला मुखोद्गत आहे. पण बातमीवर बोलायला लागला की तोही टीव्हीवरच्या भाषेत शिरतो. अमुक देश आपला जुना मित्र, तमुक देशाने दगा दिला, आपण त्यांना चांगलाच धडा शिकवला. सकाळी 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' उद्यानात फेऱ्या मारणारे आमच्या सोसायटीतले काकाही हीच भाषा बोलतात. काकांचं एक वेळ ठीक आहे. पण जो पुढे अधिकारी व्हायचं म्हणतो, त्याने देशांना माणसांसारखं रुसणारं-फुगणारं समजू नये, हा माझा आग्रह आहे.

म्हणून मी त्याला एकच प्रश्न हातात दिला. कोण कोणाचा मित्र हे बाजूला ठेव. कोणाचं कोणावाचून अडतं, आणि त्यातून सुटायचं म्हटलं तर किती वेळ आणि किती पैसा लागेल, ते शोध.

हा प्रश्न माझा नाही. रॉबर्ट कोहेन आणि जोसेफ नाय यांनी १९७७ मध्ये परस्परावलंबनाचे दोन भाग पाडले. समोर काही घडलं की तुम्हाला किती लवकर आणि किती जोरात झळ बसते, हा एक भाग. तुम्ही पर्याय शोधलेत, धोरण बदललंत, पैसा ओतलात, आणि एवढं करूनही जे नुकसान उरतं, तो दुसरा. बातमी पहिल्याची होते. सत्ता दुसऱ्यातून येते. सगळ्या आंतरराष्ट्रीय राजकारणात मला याहून उपयोगी भेद सापडलेला नाही, आणि तो नीट समजला तो द्राक्षांमुळे.

१९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात 'गॅलक्सी लीडर' जहाज हेलिकॉप्टरमधून उतरून ताब्यात घेतलं. ते तुर्कस्तानहून भारताकडे येत होतं. महिनाभरात हल्ले इतके वाढले की डिसेंबरच्या मध्यात एकेका लाइनचे मेल यायला लागले: सुएझमार्गे जाणारी जहाजं आता आफ्रिकेच्या दक्षिणेकडून, केप ऑफ गुड होपला वळसा घालून जातील, ट्रान्झिट टाइम वाढेल, सरचार्ज लागेल. आमच्याकडे त्याच वेळी नाशिकच्या द्राक्षांचा सीझन तोंडावर आला होता. जानेवारी ते एप्रिल. भारताची ताजी द्राक्षं सगळ्यात जास्त जातात ती नेदरलँड्सला, रॉटरडॅममार्गे. निफाड-दिंडोरीहून माल प्री-कूलिंग करून रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरात भरायचा, न्हावा शेवाला गेट-इन करायचा, आणि तीन-साडेतीन आठवड्यांनी तिकडे उतरवायचा, हा सगळा हिशोब बसलेला. त्याचे एकदम पाच आठवडे आणि वर झाले.

द्राक्षाचा घड पाच आठवडे कंटेनरात राहिला की पहिल्यांदा देठ बोलतो. हिरवा देठ तपकिरी पडतो, मग मणी सुटायला लागतात. पेटीत सल्फर डायऑक्साइडचा पॅड टाकतात, तो बुरशी थोपवतो, पण देठाचं वय थांबवत नाही. तिकडचा खरेदीदार पेटी उघडून आधी देठ बघतो आणि त्यावर भाव पाडतो. एका बागायतदाराने मला फोनवर विचारलं होतं, "मॅडम, तिथं येमेनात कोण लढतंय त्याचा आणि माझ्या बागेचा काय संबंध?" भाडं काही आठवड्यांत दुपटीच्याही वर गेलं होतं, त्यामुळे त्यांचा त्रागा खराच होता. ही झळ.

आता पुढचा भाग बघा. एका सीझननंतर, २०२५ च्या जानेवारीत, तेच बागायतदार केपचे दिवस गृहीत धरून तोडणी ठरवत होते. लाइन्सनी वेळापत्रकं नव्याने बसवली. बोटी जास्त लागल्या, इंधन जास्त जळलं, पण माल जात राहिला. भाडी वाढल्यामुळे कित्येक मोठ्या लाइन्सचा नफा तर २०२४ मध्ये वाढलाच. म्हणजे झळ मोठी बसली, पण कायमचं अडलं नाही. वाट लांबली, बंद झाली नाही.

मग अडलं कोणाचं? इजिप्तचं. कालवा उचलून दुसरीकडे नेता येत नाही. सुएझचं उत्पन्न २०२३ मध्ये १० अब्ज डॉलरच्या आसपास होतं, ते २०२४ मध्ये ४ अब्जांवर आलं. इजिप्तचं या भांडणात काही देणंघेणं नव्हतं, हल्ले त्याच्या जहाजांवर नव्हते, आणि तरी सगळ्यात खोल घाव त्याला बसला. असं असूनही अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये जहाजांच्या संरक्षणासाठी जी नौदल आघाडी उभी केली, तिच्या जाहीर यादीत इजिप्तचं नाव नव्हतं. गाझात युद्ध चालू असताना अमेरिकेच्या बाजूने उभं दिसणं घरात परवडणारं नव्हतं. पैशाचा हिशोब एकीकडे ओढतो, लोकमत दुसरीकडे. इथे माझा आवडता भेदही अपुरा पडतो, हे मान्य करायला हवं.

भारतही त्या आघाडीत गेला नाही, पण आपली जहाजं अरबी समुद्रात आणि एडनच्या आखातात स्वतंत्रपणे पाठवली. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने 'रुएन' हे माल्टाच्या झेंड्याचं जहाज सोमाली चाच्यांकडून सोडवलं. १७ खलाशी सुखरूप सुटले, ३५ चाचे शरण आले आणि त्यांना मुंबईला आणून पोलिसांच्या हवाली केलं. खलाशांत एकही भारतीय नव्हता. इथे वास्तववाद म्हणतो, स्वतःच्या व्यापारी मार्गाची राखण आणि चीनच्या नौदलाला दाखवण्याची ताकद. देशांच्या ओळखीला आणि समजुतींना महत्त्व देणारा रचनावाद म्हणतो, हिंदी महासागरात संकटात पहिला धावून जाणारा देश ही भारताने स्वतःविषयी घडवलेली प्रतिमा, आणि प्रतिमा एकदा घडली की तिला जागावं लागतं. भाच्याने विचारलं, यातलं खरं कोणतं? मी म्हटलं, आघाडीत का गेलो नाही याला पहिलं उत्तर लाव, आणि परक्या खलाशांसाठी कमांडो का उतरवले याला दुसरं. एकच किल्ली दोन्ही कुलपांना लावू नकोस.

ऑगस्ट २०२५ मात्र आमच्या ऑफिसात कोणी विसरणार नाही. ७ तारखेपासून अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के आयातशुल्क लावलं आणि २७ तारखेपासून रशियन तेलाच्या नावाने आणखी २५. आमचे एक ग्राहक तळोज्याहून फ्रोझन कोळंबी पाठवतात. त्यांचा फोन आला, "काहीही करा, २७ च्या आत लोड करा." नियम असा होता की २७ ऑगस्टला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे १२ वाजून १ मिनिट व्हायच्या आत माल बोटीवर चढलेला हवा. आपल्याकडे तेव्हा सकाळचे ९ वाजून ३१ मिनिटं होतात. पण त्याच नोटिशीत दुसरी अट होती, जिच्याकडे घाईत कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. तो माल १७ सप्टेंबरच्या आत अमेरिकेत कस्टम्समधून दाखलही झालेला हवा. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात न्हावा शेवाहून निघालेली बोट केपला वळसा घालून त्या मुदतीत न्यूयॉर्कला पोचत नाही. म्हणजे येमेनच्या किनाऱ्यावरून जहाजं वळली होती, त्याचा परिणाम तळोज्यातल्या कोळंबीच्या शुल्कावर होत होता. ग्राहकाला हे समजावून सांगताना मला फार वाईट वाटत होतं. त्यांच्या कारखान्यात कोळंबी सोलायला आसपासच्या गावांतल्या बायका येतात. रशियाच्या तेलाचा त्यांच्या रोजीशी संबंध कोणी जोडला, तर वॉशिंग्टनने.

तेव्हा चॅनेलवर 'मैत्री तुटली' हे चाललं होतं. आपण वर ठेवलेला प्रश्न लावून बघू.

रशियाचं कच्चं तेल भारताच्या आयातीत फेब्रुवारी २०२२ पूर्वी २ टक्क्यांच्या आसपास होतं, पुढे ते एक तृतीयांशाच्या वर गेलं. तरीही भारताचं त्यावाचून पूर्ण अडत नव्हतं, तेल दुसरीकडून महाग का होईना मिळालं असतं. आणि रशियाचं तेल सगळ्यात जास्त घेणारा तर चीन. मग दंडाचं जादा २५ टक्के चीनला का नाही?

कारण एप्रिल २०२५ मध्ये काय झालं ते आठवा. अमेरिकेने चीनवरचं शुल्क चढवत १४५ टक्क्यांपर्यंत नेलं. चीनने ४ एप्रिललाच सात दुर्मिळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला होता. या चुंबकांशिवाय बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरी बनत नाहीत, क्षेपणास्त्राचे कित्येक भागही बनत नाहीत. या धातूंच्या शुद्धीकरणाचा जवळजवळ ९० टक्के भाग चीनच्या हातात आहे. खाणी इतर देशांतही आहेत, पण शुद्धीकरणाचे कारखाने उभे राहायला वर्षं लागतात. १२ मेपर्यंत जीनिव्हात दोघं समझोत्याला आले आणि अमेरिकेचं शुल्क १४५ वरून ३० वर उतरलं. अडला हरी म्हणतात तो हा.

भारताकडे अशी एखादी गोष्ट नव्हती, जिच्यावाचून अमेरिकेचं उद्या सकाळी अडावं. अगदीच नव्हती असंही नाही. शुल्कातून अमेरिकेने काय वगळलं ते बघा. औषधं वगळली आणि स्मार्टफोन वगळले. म्हणजे जिथे झळ त्यांच्याच दवाखान्यांना आणि दुकानांना बसली असती, तिथे हात आखडता घेतला. कोळंबी, कपडे, दागिने या मालाला दुसरा विकणारा लगेच मिळतो, इक्वाडोर कोळंबी द्यायला तयारच बसलेला आहे, तिथे पूर्ण ५० टक्के. शुल्काची यादी वाचली की कोणाला आपण अडवू शकतो आणि कोण आपल्याला अडवू शकतो हे समोरच्याने किती नेमकं मोजलंय ते दिसतं. मैत्रीचा त्या यादीत कुठे पत्ता नाही, आणि शत्रुत्वाचाही नाही.

चुंबकांचं प्रकरण आमच्या बाजूनेही आलं. भारतातल्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना चुंबकं हवी असतील तर 'एंड युझर सर्टिफिकेट' द्यायचं होतं: हा माल आम्ही अमुक मोटरमध्येच वापरू, लष्करी कामाला वापरणार नाही, तिसऱ्याला देणार नाही. त्यावर आपल्याकडच्या खात्यांची मंजुरी, मग चिनी दूतावासाची, मग बीजिंगचा परवाना. आमच्या व्यवसायातल्या ओळखीच्यांनी त्या फायली आठवडेच्या आठवडे फिरताना बघितल्या. मला लगेच अत्तिला आठवलं. तिथे भारताने चीनच्या मालाला विचारलं होतं, खरा वापरणारा कोण? इथे चीन भारताला तेच विचारत होता. एक प्रश्न जगाच्या सुरक्षिततेसाठी लिहिलेल्या यादीतून आलेला, दुसरा हातात आलेला गळा आवळण्यासाठी. कागदाचा नमुना मात्र जवळपास एकच. हेन्री फॅरेल आणि अब्राहम न्यूमन यांनी २०१९ मध्ये मांडलं की जगाला जोडणारी जाळी सगळीकडून सारखी विणलेली नसतात, काही गाठींतून सगळं जावं लागतं, आणि गाठ ज्याच्या ताब्यात तो जोडणीचंच शस्त्र करतो. त्यांच्यासमोर होती अमेरिका, डॉलर आणि बँकांचे आंतरराष्ट्रीय निरोप नेणारं स्विफ्टचं जाळं. चीनने तोच धडा गिरवून दाखवला. भारत सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये चुंबकांच्या देशी उत्पादनासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, तिचा अर्थ मी असाच लावते. आपण झळ कमी करत नाही आहोत, अडणं कमी करायला निघालो आहोत, आणि त्याला वर्षं लागतील.

तक्रार करायला जागा होती का? जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद आहे, कारण अमेरिका नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून बसली आहे. संस्था टिकतात असं म्हणणाऱ्यांनी या एका गोष्टीचं उत्तर द्यायला हवं.

भाच्याने रास्त शंका काढली. "मावशी, मग ट्रम्पच्या स्वभावाला काहीच किंमत नाही? दुसरा कोणी असता तर इतकं झालं असतं?" वेळ, आवाज आणि भाषा माणसाच्या स्वभावाने ठरते, हे खरंच आहे. पण तोच माणूस चीनपुढे पाच आठवड्यांत खाली उतरला आणि भारतावर तीन आठवड्यांत दुप्पट चढला. स्वभाव एकच, वागणं दोन तऱ्हेचं. फरक समोरच्यात होता.

आपल्याकडे असल्या चर्चेत चाणक्याचं मंडल हटकून निघतं. शेजारी शत्रू, शत्रूचा शत्रू मित्र. तुर्कस्तान-अझरबैजान पाकिस्तानच्या पाठीशी आणि भारताची पिनाका रॉकेट यंत्रणा अर्मेनियाला, हे त्याने छान उलगडतं. पण आमच्या किनाऱ्यावर बसून वाचायला मला रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र जास्त जवळचं वाटतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी लिहून ठेवलं की फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच), डिंगमार (डॅनिश) हे टोपीकर, म्हणजे युरोपीय, सावकारी करतात खरे, पण ते इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांची राज्यं उभी आहेत. म्हणून त्यांना वखारीसाठी समुद्रकाठची जागा देऊ नये, द्यायचीच तर किनाऱ्यापासून काही कोस आत. व्यापाऱ्यामागे राज्य बघणारी ही नजर, तीही मराठीत, इतक्या आधी. मला त्याचा अभिमान वाटतो.

आज त्याच किनाऱ्यावर काय आहे? न्हावा शेवाची दोन टर्मिनलं दुबई सरकारच्या डीपी वर्ल्डकडे, एक डेन्मार्कच्या मर्स्क समूहातल्या एपीएमकडे, एक सिंगापूर सरकारच्या मालकीच्या पीएसएकडे. बंदराचं स्वतःचं जुनं टर्मिनल २०२२ मध्ये भारतीय कंपनी जे. एम. बक्षी आणि फ्रेंच सीएमए टर्मिनल्स यांच्याकडे गेलं. अमात्यांच्या यादीतले फरासीस आणि डिंगमार दोघंही आले, आणि समुद्रकाठीच बसले. मग अमात्यांचं चुकलं की आपलं?

माझं मत असं की त्यांच्या काळी टोपीकर मोकळा होता, आज तो बांधलेला आहे. त्याच्या वखारीसोबत तोफा आणि आरमार यायचं. आजच्या टर्मिनलवाल्याने हजारो कोटी रुपये जेट्टीत आणि क्रेनांत घातलेले असतात, आणि ती क्रेन उचलून तो निघून जाऊ शकत नाही. आफ्रिकेतल्या जिबूतीने फेब्रुवारी २०१८ मध्ये डोरालेहचं टर्मिनल डीपी वर्ल्डच्या हातून सरळ काढून घेतलं. लवादाचे अनेक निकाल कंपनीच्या बाजूने लागले तरी टर्मिनल परत मिळालं नाही. म्हणजे किनाऱ्यावर पैसा पुरणारा परका हाच पुष्कळदा ओलीस असतो. उलट उदाहरण हंबनटोटाचं. २०१७ मध्ये श्रीलंकेने ते बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर चिनी कंपनीला दिलं. तिथे डॉलरची निकड श्रीलंकेची होती, थांबायची सवड चीनकडे. बंदर दोन्हीकडे परक्याच्या हाती गेलं, पण कोणाचं कोणावाचून अडलं होतं ते वेगळं, म्हणून शेवटही वेगळा. जो देश चार वेगवेगळ्या परक्यांना शेजारी-शेजारी बसवतो आणि कोणा एकावर अवलंबून राहत नाही, त्याने अमात्यांचा सल्ला मोडला असं मी म्हणणार नाही.

एवढं सगळं सांगून झाल्यावर मला या सिद्धांतांविषयी एक गंभीर तक्रार आहे. त्यांच्या नकाशावर माणसं नसतात. आमच्या बंदरासाठी ऐंशीच्या दशकात शेवा कोळीवाडा उठवला. त्या लोकांना जिथे वसवलं त्या हनुमान कोळीवाड्यात घरं वाळवीने पोखरली आणि पुनर्वसनासाठी त्यांना पुढची अनेक दशकं भांडावं लागलं. 'राज्य' हा एक ठिपका मानला की हे सगळं त्या ठिपक्याच्या पोटात गडप होतं.

आणि खलाशी. लाल समुद्र पेटलेला असताना मी जहाजं शोधायच्या साइटवर बोटी बघायचे. प्रत्येक जहाज आपलं पुढचं बंदर एका छोट्या रकान्यात लिहितं. त्या दिवसांत काही जहाजांनी तिथे बंदराऐवजी लिहिलं होतं, 'ऑल चायनीज क्रू'. आमच्यावर मारा करू नका, आम्ही चिनी आहोत. रचनावादी वेंट सांगतो की कोण शत्रू आणि कोण आपला हे शस्त्रांवरून ठरत नाही, एकमेकांविषयीच्या समजुतीवरून ठरतं. ते मी पुस्तकात वाचलं होतं, पण जीव वाचवायला कोणी ते जहाजाच्या रकान्यात टाइप करेल हे सुचलं नव्हतं.

१३ एप्रिल २०२४ ला 'एमएससी एरीज' हे जहाज इराणच्या कमांडोंनी होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ ताब्यात घेतलं. ते आमच्याकडेच, न्हावा शेवाला येत होतं. झेंडा पोर्तुगालचा, मालकीचा धागा एका इस्रायली उद्योगपतीपर्यंत जाणारा. त्यावर २५ माणसं होती, पैकी १७ भारतीय. उरलेल्यांत चार फिलिपिनो, दोन पाकिस्तानी, एक रशियन, एक एस्टोनियन. परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी इराणच्या मंत्र्यांना फोन केला. त्यातली एक भारतीय डेक कॅडेट काही दिवसांत घरी आली, मे महिन्यात आणखी पाच भारतीय सुटले. त्याच मे महिन्याच्या १३ तारखेला भारताने इराणबरोबर तिथल्या चाबहार बंदराचा दहा वर्षांचा करार केला. सुटकेचा आणि कराराचा संबंध जोडायला माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून जोडत नाही. पण ज्या देशाशी बोलायचं दार उघडं आहे त्या देशातून माणसं लवकर परत येतात, एवढं तर दिसतं.

वर ठेवलेला प्रश्न इथे माणसाला लावून बघा. लाइनने बोट केपला वळवली, बागायतदाराने तोडणी पुढे-मागे केली, भारताने चुंबकांची योजना आणली. खलाशाकडे काय आहे? लाल समुद्राच्या दक्षिण भागासाठी खलाशांच्या संघटना आणि मालक यांच्यात करार झाला. तिथे जायला नकार देता येतो, गेलात तर जादा पगार, काही झालं तर दुप्पट भरपाई. पण तो ज्या जहाजांना हा करार लागू आहे त्यांच्यापुरताच. आणि लागू असला तरी, करावे गावाजवळच्या टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेतून नुकताच बाहेर पडलेला मुलगा, ज्याला परवान्याच्या परीक्षेला बसण्यासाठी समुद्रावरचे महिने भरायचे आहेत, ज्याच्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टवर घरचं शैक्षणिक कर्ज अवलंबून आहे, तो कॅप्टनसमोर उभा राहून नकार देईल? कागदावर त्याच्याकडे पर्याय आहे, पण तो वापरायची किंमत त्याला परवडत नाही. सगळ्या साखळीत ज्याचं सर्वांत जास्त अडलेलं आहे तो हा मुलगा, आणि कोहेन-नाय यांच्या मोजपट्टीने मोजायचं तर ती त्याच्यापर्यंत खाली आणायला हवी. जगातल्या खलाशांत भारतीयांचा वाटा मोठा आहे. त्यांना असल्या कराराचं संरक्षण कोणत्याही झेंड्याच्या जहाजावर मिळावं, ही भारताने लावून धरायची मागणी आहे, आणि ती लावून धरायला लागणारी ताकद, म्हणजे आपल्या खलाशांवाचून अडणारी जहाजं, आपल्याकडे आहे.